‘उना’ की ‘उनी’: एका खान्देशी मालिकेतल्या पारलिंगी व्यक्तिरेखेचं प्रकरण

हे प्रकरण एका मराठी दैनंदिन मालिकेतल्या २३ भागांचं आहे. मी त्या मालिकेचा संवादलेखक होतो. वाहिनी, निर्मितीसंस्था आणि कलाकार यांची नावं देत नाही. गावाचे आणि माणसांचे काही तपशील मुद्दाम बदलले आहेत. ते बदलण्याची अक्कल मला उशिरा आली आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली. ती गोष्टही इथे सांगायची आहे.

पार्श्वभूमी

मालिका तापीकाठच्या, केळीवर जगणाऱ्या एका कुटुंबाची. मी मूळचा अमळनेर तालुक्यातला, म्हणून संवाद माझ्याकडे आले. अट एकच होती: अहिराणी चवीपुरती, बाकी सगळ्या महाराष्ट्राला कळेल असं मराठी.

कुटुंबात तीन भावंडं. मधला मुलगा बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला, त्याचा फोटो पहिल्या भागापासून भिंतीवर होता. दीडशे भाग उलटल्यावर गोष्ट थकायला लागली, तेव्हा हा राखून ठेवलेला पत्ता काढायचं ठरलं. मधला परत येतो, पण आता ती बाई आहे. सुरतेला साड्यांच्या मार्केटमध्ये काम करते. या लेखात मी तिला ‘मधली’ म्हणतो.

वाहिनीची तयारी होती, कारण समोर उदाहरणं होती. हिंदीत ‘शक्ती’ ही किन्नर नायिकेची मालिका २०१६ ते २०२१ अशी पाच वर्षं चालली. ‘ताली’ ही वेबमालिका २०२३ मध्ये येऊन गेली होती. मीटिंगमध्ये या दोन्हींची नावं ‘विषय चालतो’ याचा पुरावा म्हणून घेतली गेली. दोन्हींत मुख्य भूमिका जन्माने स्त्री असलेल्या अभिनेत्रींनी केल्या होत्या, हा मुद्दा त्या दिवशी कुणी काढला नाही. मीही काढला नाही.

अडचण

कथा विभागाकडून आलेल्या वनलाईनमध्ये, म्हणजे भागाच्या थोडक्यात आराखड्यात, एक वाक्य होतं: ‘मधला साडीत दारात उभा. ती आईकडे बघतो.’ लिहिणारी मुलगी हुशार होती, घाईत तिचा गोंधळ उडाला होता. पण सगळी अडचण त्या एका वाक्यात होती. मराठीत कुणी दारात येऊन उभं राहिलं की पहिल्याच क्रियापदाला लिंग द्यावं लागतं. ‘आला’ म्हणायचं की ‘आली’? अहिराणीत ‘उना’ की ‘उनी’? नावाला वळसा घालता येतो, ‘बाळा’ म्हणून वेळ मारून नेता येते, पण क्रियापदाला पळवाट नाही. घरातलं कुठलं माणूस कुठल्या दिवशी ‘उना’वरून ‘उनी’वर येतं, हाच माझ्या मते या ट्रॅकचा, म्हणजे मधलीच्या उपकथेचा, कणा होता.

वाहिनीला कणा दुसरीकडे दिसत होता. आई तिला थप्पड मारते, वडील देव्हाऱ्यापुढे कोसळतात, गाव दारात जमतं. सात भाग फक्त घरच्यांचा धक्का. एका प्रसंगाच्या पटकथेत इतरांचे चौदा रिॲक्शन शॉट होते आणि मधलीचे संवाद तीन, त्यातले दोन ‘आई’ एवढेच. तिच्या प्रत्येक प्रवेशाला टाळीचा आवाज पार्श्वसंगीतात वाजणार होता. वडिलांच्या तोंडी डॉक्टरी तपासणीचा हट्ट होता, आणि रिपोर्ट आल्यावर ते ‘मानतात’.

मी विचारलं, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ती काय करते? चहा कोण करतं, ती कुठे झोपते, तिला काय हवंय? कुणाकडे उत्तर नव्हतं. वाहिनीच्या एका क्रिएटिव्हने, म्हणजे कथेवर देखरेख करणाऱ्याने, प्रामाणिकपणे सांगितलं, “दादा, तिची गोष्ट ती परत आली एवढीच आहे ना.”

समोर असलेले पर्याय

पहिला प्रश्न गावाचा होता. ‘खेड्यात असं कुणी मानणार नाही, प्रेक्षकाला खोटं वाटेल,’ हे मी तीन मीटिंगांमध्ये ऐकलं. चौथ्या मीटिंगला मी जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकची बातमी घेऊन गेलो. तिथे अंजली पाटील या पारलिंगी उमेदवाराचा अर्ज स्त्रियांसाठी राखीव जागेवर भरल्याच्या कारणावरून फेटाळला गेला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. खंडपीठाने त्यांना स्त्री म्हणून लढू दिलं आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. गावाने मतं दिली. आम्ही ज्या प्रेक्षकाच्या नावाने घाबरत होतो, तो हाच मतदार. खोली शांत झाली. तो मुद्दा तिथे मिटला.

दुसरा प्रश्न भूमिका कोण करणार. तीन पर्याय मांडले गेले: नावाजलेला पुरुष नट, अभिनेत्री, किंवा पारलिंगी कलाकार. नटाच्या बाजूने बालगंधर्वांचं नाव आलं. जळगावात त्यांच्या नावाने संगीत महोत्सव होतो, आपल्याकडे स्त्रीपार्टाची परंपरा आहे, तमाशात, सोंगाड्या पार्टीत पुरुषच बाई होतो, प्रेक्षकाला सवय आहे. मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. स्त्रीपार्टी नट रंग पुसून घरी पुरुष म्हणून जातो, ही प्रेक्षकाला आणि त्यालाही खात्री असते. मधलीला पुसायला रंगच नाही. ती भूमिका नटाने केली की शेवटी ‘आतून तो पुरुषच’ हेच पडद्यावर उरतं. मी पारलिंगी कलाकाराचा आग्रह धरला. दोन जणींच्या ऑडिशन झाल्या, एक तर फारच चांगली होती. वाहिनीने ‘रोजच्या मालिकेचा अनुभव नाही’ म्हणून नकार दिला. अनुभव कुणी दिल्याशिवाय येणार कुठून, हे मी म्हणालो, पण निर्णय माझ्या हातात नव्हता. मधली एका अभिनेत्रीकडे गेली. नाकारलेल्या कलाकाराला सुरतेच्या मैत्रिणीची चार भागांची भूमिका मिळाली.

तिसरा प्रश्न भाषेचा. क्रियापद पहिल्याच प्रसंगात बदलायचं, शेवटी बदलायचं, की माणसागणिक वेगवेगळ्या दिवशी? मी तिसऱ्या बाजूचा होतो. पण कुणी कधी बदलायचं, हे मला ठरवता येत नव्हतं. म्हणून मी गावाकडे गेलो.

ताईंची भेट

ओळखीतून जळगाव जिल्ह्यातल्या एका पारलिंगी बाईंशी बोलणं झालं. वय पन्नाशीकडे झुकलेलं. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला भाऊ. घरी गेलो तेव्हा त्या गाऊनवर ओढणी घेऊन शेंगा निवडत बसल्या होत्या. आमच्या वेशभूषा विभागाने मधलीसाठी चमचमती हिरवी साडी काढून ठेवली होती, ती मला तिथेच आठवली.

मी त्यांना पटकथा वाचून दाखवली. डॉक्टरी रिपोर्टच्या प्रसंगाला त्यांनी थांबवलं. आपण कोण हे ठरवायचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात ज्याचा त्याला दिला आहे, आणि २०१९ चा कायदा व २०२० चे नियम आले तेव्हा पारलिंगी असल्याचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून शपथपत्रावर, वैद्यकीय तपासणीशिवाय मिळायची सोय झाली, हे त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत होतं. त्यांच्याकडे ते ओळखपत्र होतं. टाळीबद्दल म्हणाल्या, ती आमची बोली आहे, कामावर वाजते, आपसात वाजते. आईच्या दारात कोण वाजवेल?

मग मी माझा लाडका प्रसंग सांगितला. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. सुरत, मुंबई, पुण्याला गेलेली माणसं तेव्हा गावी येतात. रोट, म्हणजे कानबाईचा गव्हाचा प्रसाद, भाऊबंदांतच खातात. आमच्या घरी आजी घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू मोजून सुपात टाकायची. मधलीने कानबाईला यावं आणि आई गहू मोजत असावी. बारा वर्षं तिने त्या मुलाची मूठ चुकवलेली नाही. ताईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मूठ टाकी, भाऊ. पन नाव कोनतं लिधं?” नाव कोणतं घेतलं?

मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. वडील गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्या घरी गेल्या. आई आत चुलीपाशी. पावलांचा आवाज ऐकून तिने आतूनच विचारलं, “उनी का?” एवढंच. नवं नाव आईने मरेपर्यंत घेतलं नाही, जुनंही परत घेतलं नाही.

त्याच दुपारी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या घर सोडून गेल्यावर वडिलांनी दारावरची पाटी नव्याने रंगवली. तिच्यावर तीन मुलांची नावं होती, दोन ठेवली. मधली ओळ निळ्या रंगाखाली गेली, पण ऊन तिरकं पडलं की अक्षरांचा उंचवटा दिसायचा. मी हे वहीत लिहून घेतलं. निघताना विचारलं, “ताई, तुमची गोष्ट वापरू का?” त्या म्हणाल्या, “वापर ना भाऊ, त्याच्यासाठीच तर सांगितली.”

आम्ही काय केलं

थप्पड गेली. डॉक्टर गेला. टाळी फक्त सुरतेच्या मैत्रिणीच्या प्रवेशाला, तिच्या मनाने, तिला हवी तिथे राहिली. हिरव्या साडीऐवजी सुती साडी आली. कॉलशीटवर, म्हणजे चित्रीकरणाच्या रोजच्या वेळापत्रकावर, आणि वनलाईनवर मधलीसाठी सगळीकडे ‘ती’ लिहायचं ठरलं. हे लहान वाटेल, पण सेटवरचा स्पॉटबॉयसुद्धा कॉलशीट वाचूनच बोलतो. मैत्रिणीची भूमिका करणाऱ्या कलाकाराला पहिल्या दिवशी मेकअप रूम कुठली द्यायची यावरून तासभर खोळंबा झाला आणि ती आवारातल्या खुर्चीवर बसून राहिली. शेवटी आईची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीने तिला स्वतःच्या खोलीत नेलं. हे आदल्या दिवशी ठरवायला हवं होतं. कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मुख्य प्रसंग असा झाला. आई सुपात मुठी टाकते आहे, एकेक नाव घेते आहे. मधल्या मुठीला ती थांबते, नाव न घेता गहू टाकते. ओसरीवर पाऊल वाजतं. मान वर न करता ती विचारते, “उनी का?” वाहिनीची भीती होती की कोल्हापूर-रत्नागिरीच्या प्रेक्षकाला हा शब्द कळणार नाही आणि प्रसंग वाया जाईल. त्यांनी ‘आली का गं’ सुचवलं. मी अडून बसलो, पण भीती अगदीच खोटी नव्हती. तोडगा नातीने काढला, म्हणजे मी तिला दोन वाक्यं दिली. ती विचारते, “आजी, कोण आली?” आजी म्हणते, “तुनी फुई.” नात म्हणते, “माझी आत्या?” तीन वाक्यांत क्रियापद ठरलं, नातं ठरलं आणि ज्याला अहिराणी येत नाही त्यालाही कळलं. वडील मात्र पुढचे अकरा भाग ‘तो’च म्हणत राहिले, तेही मला हवं होतं.

परिणाम

ज्या दिवशी तो भाग लागला, त्या दिवशी मी मुद्दाम मावशीच्या गावी होतो. घरात सात-आठ बायका. कुणी रडलं नाही. मावशी म्हणाली, “ती बाई ‘उनी’ म्हननी, बठं समजनं.” म्हणजे सगळं समजलं. मग दोघी-तिघींनी आपापल्या गावातल्या कुणाकुणाची आठवण काढली, हळू आवाजात, पण ‘ती’ म्हणून. मला आजवर मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद आहे.

वाहिनीकडे दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. त्या गुरुवारी ते ठीक आले, पुढच्या दोन गुरुवारी खाली आले. त्याच आठवड्यांत समोरच्या वाहिनीवर एका लग्नाचा महाएपिसोड होता. आकडे मधलीमुळे पडले की लग्नामुळे, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं, पण ट्रॅक गुंडाळायचा निरोप आला. कथा विभागाने लिहिलं: विहिरीत पडलेल्या नातीला वाचवताना मधलीचा मृत्यू, चितेपाशी वडील पहिल्यांदा ‘माझी लेक’ म्हणतात.

त्या रात्री मी राजीनाम्याचा विचार केला. तिला घरात जागा मिळण्यासाठी आधी मरावं लागतं, हे माझ्या हाताने मी लिहिणार नव्हतो. मी दुसरे दोन शेवट दिले. एकात ती गावात शिलाईचं दुकान टाकते आणि मालिकेत अधूनमधून दिसत राहते. दुसऱ्यात ती सुरतेला कामावर परतते, दिवाळीला येईन म्हणून. दिग्दर्शक माझ्या बाजूने बोलले आणि सुरतेचा शेवट मंजूर झाला. शेवटच्या प्रसंगात वडील अमळनेर स्टेशनवर तिची पिशवी उचलतात आणि म्हणतात, “पोहोचली की फोन कर.” ‘पोहोचली’ हे त्यांचं पहिलं ‘ती’ होतं. पुढे मालिका आणखी चार महिने चालली. तिच्यात दिवाळी आली, मधली आली नाही. तिचा फोनसुद्धा दाखवला गेला नाही.

आता पाटीचं. दिग्दर्शकाला ती कल्पना फार आवडली आणि निळ्या रंगाखालच्या अक्षरांचा शॉट प्रोमोमध्ये गेला. प्रोमो दिवसभर लागत होता. ताईंच्या गावात ती पाटी प्रत्येकाने पाहिलेली होती. तिसऱ्या दिवशी दूध डेअरीवर त्यांच्या धाकट्या भावाला कुणीतरी विचारलं, “काय रे, तुमचं टीव्हीवर दाखवता का आता?” पुतण्याला शाळेत छळलं. इतक्या वर्षांनी भावाने ताईंशी पुन्हा बोलणं सुरू केलं होतं, ते बंद झालं.

ताईंनी चार दिवस माझा फोन उचलला नाही. मग स्वतःच केला. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, गोष्ट दिली होती भाऊ, दार नव्हतं दिलं.

मी वाहिनीला प्रोमो काढायला सांगितलं, तो दोन दिवसांनी निघाला. पुढच्या भागातला पाटीचा शॉट कापून घेतला. ताईंनी विचारलं, तक्रार करायची तर कुठे? २०२१ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणे तक्रार आधी वाहिनीकडे जाते, तिला १५ दिवसांत निर्णय कळवावा लागतो, समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या स्वनियामक मंडळाकडे जाता येतं. मी सगळं समजावलं, अर्ज लिहून द्यायची तयारी दाखवली, माझ्याविरुद्धसुद्धा. त्यांनी केली नाही. तक्रारीवर नाव-पत्ता लिहायचा म्हणजे पुन्हा तेच दार.

निर्णयाच्या जागा: काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक त्या दुपारची. मी संमती मागितली ती ‘गोष्टी’ची. कुठला तपशील, कुठल्या स्वरूपात, कुठे दिसेल, हे विचारलं नाही आणि लिहिलेली पानं परत नेऊन दाखवली नाहीत. पाटीऐवजी दुसरं काहीही चाललं असतं, जुन्या रेशनकार्डावरचं खोडलेलं नाव, शाळेचा दाखला. ‘उनी का’ हे शेकडो घरांत घडू शकतं, ते कुणाचं म्हणून ओळखू येत नाही. ती पाटी एकाच घराची होती. हा फरक लेखकाला दिसायलाच हवा. मला दिसलं ते फक्त दृश्य किती सुंदर आहे हे.

दुसरी जागा मानधनाची. ताईंचे पैसे ‘प्रवासखर्च’ म्हणून व्हाउचरवर निघाले. सल्लागार म्हणून करार झाला असता तर प्रोमो दाखवून घेण्याचा हक्क त्यांना कागदावर मिळाला असता. नाव श्रेयनामावलीत नको होतं त्यांना, पण करारासाठी नाव पडद्यावर यावं लागत नाही.

तिसरी, भूमिकेची निवड. मैत्रिणीच्या चार भागांत त्या कलाकाराने जे केलं ते पाहून वाहिनीतल्याच दोघांनी नंतर कबूल केलं की मधली तिनेच करायला हवी होती. मी ऑडिशनच्या दिवशी एकदा बोललो आणि गप्प झालो. क्रियापदासाठी जेवढा अडून बसलो तेवढा तिच्यासाठी बसलो नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

चौथी, किमान भागांची. ट्रॅक सुरू होण्याआधीच ‘ती मरणार नाही आणि अमुक भागांपर्यंत घरात राहील’ एवढं लेखी घेता आलं असतं. निर्मिती सुरू झाल्यावर गुरुवारचे आकडे हातात असलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

सुरतेच्या शेवटाबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. मरणापेक्षा बरा, हे खरं. पण घरात कुणाला सलणार नाही असा तोच शेवट होता, आणि खान्देशातल्या कितीतरी घरांनी प्रत्यक्षात हाच शेवट निवडलेला आहे: सणाला ये, मग जा. दुकानाच्या शेवटासाठी मी किती भांडलो असतो तर तो मिळाला असता, कुणास ठाऊक.

ताईंच्या भावाशी बोलणं आठ महिन्यांनी सुरू झालं. त्यात माझा काही हात नाही, त्यांच्या पुतण्याने फोन केला. मी सध्या दुसरी एक कथा लिहितो आहे, तिच्यातही एक पारलिंगी पात्र आहे, शाळेत पोषण आहार शिजवणारी. पानं ताईंकडे जातात, करार झालेला आहे. गेल्या खेपेला त्यांनी एका पानावर मुख्याध्यापिकेच्या तोंडचं ‘आम्ही तुला स्वीकारलंय’ हे वाक्य पेन्सिलीने खोडलं आणि शेजारी लिहिलं, ‘तिला पगाराचं विचार.’